फोटोत तिघं असतात, रजिस्टर कुणाकडे असतं?

मा. संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात महिन्यातून एकदा तरी एक फोटो येतोच. टेबलावर फाइल उघडी, एका बाजूला सरकारी अधिकारी, दुसऱ्या बाजूला कंपनीचे साहेब, मधे संस्थेच्या ताई, तिघंही कॅमेऱ्याकडे बघून हसतायत आणि सही मात्र कागदाकडे न बघताच चाललीय. खाली ओळ ठरलेली, अमुक प्रश्नासाठी शासन, उद्योग आणि स्वयंसेवी संस्था एकत्र. असा फोटो आला की मी चष्मा लावून नीट बघतो, कारण ह्या फोटोंच्या मागच्या खोलीत माझी नोकरीची बरीच वर्षं गेलीयत, आकडे गोळा करणे, रिपोर्ट जुळवणे, मीटिंगचे मिनिट्स लिहिणे वगैरे कामात. म्हणून हे पत्र. थोडं लांबलंय, कापायचं तर कापा पण मधलं रजिस्टरचं कापू नका.

माझं म्हणणं साधं आहे. तिघं एकत्र यायला तयार असतात, पैसा पण बऱ्याचदा असतो, इच्छा तर सगळ्यांची असतेच. पण तिघांना रोजच्या रोज जोडून ठेवायचं जे काम असतं, फोन करणे, याद्या जुळवणे, कोण काय करणार होतं आणि का नाही केलं हे न भांडता विचारणे, त्या कामाचा पगार द्यायला कुणीच तयार नसतं. सरकार म्हणतं आमच्याकडे अशी पोस्टच नाही. कंपनी म्हणते हा ओव्हरहेड झाला, आम्हाला थेट लाभार्थ्यांवर खर्च दाखवायचाय. संस्था म्हणते आमचं बजेट तर तुम्हीच मंजूर करता, आम्ही कुठून आणणार. तिघंही आपापल्या जागी बरोबर आणि काम मात्र लटकलेलं.

आता रजिस्टरचं सांगतो. शाळा सुटलेल्या मुलांना परत शाळेत आणायचा एक प्रोजेक्ट होता, नाव गाव काही सांगत नाही, त्याची गरज पण नाही कारण असे सगळीकडेच असतात. सरकारची यादी शिक्षकांनी सर्व्हे करून बनवलेली. कंपनीनी एक अ‍ॅप दिलेलं, त्यात वेगळी यादी. आणि संस्थेच्या कार्यकर्त्यांच्या वहीत तिसरी. तिन्हीकडे एकच मुलगी, सरकारी यादीत वडिलांचं नाव लावून, अ‍ॅपमध्ये घरच्या लाडक्या नावानी, आणि वहीत आडनाव एक अक्षर वेगळं. झाल्या तीन मुली. एक शाळेत गेली म्हणून अ‍ॅपवर हिरवी झाली, दुसरी सरकारी यादीत अजून शाळाबाह्यच, आणि तिसरी वहीत "घरी भेट दिली, आई म्हणाली बघू". आढावा बैठकीत तिघांचे तीन आकडे आणि तिघंही आपलाच खरा म्हणून ठाम, पाऊण तास त्यातच गेला आणि चहा आला तेव्हा विषय बदलला, बदलायचाच होता सगळ्यांना.

हे तिढे सोडवले एका पोरीनी. संस्थेनी अकरा महिन्यांच्या करारावर घेतलेली, आणि गंमत बघा, तिचा पगार दाखवला होता प्रशिक्षण साहित्याच्या हेडखाली, कारण समन्वयक म्हणून दाखवला असता तर मंजूर झाला नसता. ती तिन्ही याद्यांच्या प्रिंट घेऊन फिरायची, अंगणात बसायची, एकेक नाव मोठ्यानी वाचायची आणि घरातली आजी सांगायची ही आणि ती एकच गं बाई. मग ती पेन्सिलीनी तिन्ही कागदांवर एकच नंबर टाकायची. पेन्सिलीनीच, कारण चुकलं तर खोडता यावं. त्या वर्षी पहिल्यांदा बैठकीत एकच आकडा आला, तो आधीच्या तिन्हीपेक्षा लहान होता त्यामुळे कुणाला फारसा आनंद झाला नाही, पण खरा होता. अकरा महिने संपले, करार वाढला नाही, पुढच्या बैठकीत परत तीन आकडे. तिच्या निरोपाला कुणी फोटो काढला नाही हे सांगायला नकोच. मी पण नाही काढला, खरं सांगायचं तर.

याच्या उलट आठवतो पोलिओचा डोस. 1988 साली जगभर पोलिओ संपवायची मोहीम ठरली तेव्हा 125 च्या वर देशांत तो होता आणि वर्षाला साडेतीन लाख मुलं लुळी होत होती असा अंदाज होता. देशोदेशीची सरकारं, जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ, आणि सोबत रोटरी, म्हणजे मुख्यतः व्यापार-व्यवसायातल्या माणसांची संघटना. एवढ्या सगळ्यांत आकड्यावरून भांडण का नाही झालं किंवा कमी झालं, तर डोस दिला की मुलाच्या बोटाच्या नखावर शाईची खूण. नंतर तपासणीला जो कुणी येईल, सरकारी असो की संस्थेचा, तो बोट बघणार. अ‍ॅप नाही, डॅशबोर्ड नाही. एक खूण जी तिघंही मानतात. आमच्या पोरीची पेन्सिल पण तेच काम करत होती असं मला वाटतं.

लोक म्हणतात मोठ्या कंपनीनी मन मोठं केलं की प्रश्न सुटतात. त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण नेहमी दिलं जातं ते मर्क ह्या अमेरिकन औषध कंपनीचं, आणि ते अर्धंच सांगितलं जातं. आफ्रिकेत, आणि थोडा लॅटिन अमेरिकेतही, नदीकाठच्या काळ्या माशीच्या चाव्यातून एक कृमी माणसाच्या अंगात जातो, कातडीला भयंकर खाज आणि शेवटी आंधळेपण, रिव्हर ब्लाइंडनेस म्हणतात त्याला. मर्ककडे त्यावर औषध होतं, पण ज्यांना हवं त्यांच्याकडे पैसे नव्हते आणि त्यांच्या सरकारांकडेही नव्हते. 1987 साली कंपनीचे प्रमुख रॉय व्हॅजेलोस यांनी जाहीर केलं की लागेल तेवढं आणि लागेल तितकी वर्षं हे औषध फुकट देऊ. इथपर्यंत सगळ्यांना माहिती असतं, टाळ्या पण इथेच वाजतात.

पण गोळी फुकट झाली म्हणून ती नदीकाठच्या माणसाच्या तोंडात आपोआप पडत नाही ना. आणि हे औषध अंगातल्या पिल्लांना मारतं, मोठा कृमी तसाच राहतो आणि तो दहा-पंधरा वर्षं जगतो. म्हणजे वर्षातून एकदा गोळी, पण ती दहा-पंधरा वर्षं न चुकता. (आपले करार किती वर्षांचे असतात? तीन. फार तर पाच.) मर्कनी काय केलं, औषध देऊन हात झटकले नाहीत आणि वाटपाचे निर्णय स्वतःच्या हातात पण ठेवले नाहीत. बाहेरच्या तज्ज्ञांची समिती बनवली, ते काम विल्यम फेगी यांच्या टास्क फोर्स फॉर चाइल्ड सर्व्हायव्हल ह्या ना-नफा संस्थेकडे दिलं, ज्यांनी आधी देवीच्या निर्मूलनात काम केलं होतं तेच फेगी. पुढे 1995 ला आफ्रिकेतल्या देशांची सरकारं, जागतिक बँक, जागतिक आरोग्य संघटना, संस्था आणि कंपनी अशी सगळ्यांची मिळून एक मोहीम उभी राहिली आणि त्यात गोळ्या वाटणारा माणूस कोण ते गावानीच ठरवायचं, कधी वाटायच्या ते पण गावानीच.

आणि ह्यातली मला सगळ्यात आवडणारी वस्तू म्हणजे एक काठी. गोळ्या किती द्यायच्या ते वजनावर अवलंबून असतं पण गावोगाव वजनकाटे कुठून नेणार, ते बिघडणार, नीट करणार कोण. तर उंचीवरून ठरवायचं. काठीवर खुणा केलेल्या, माणूस काठीला टेकून उभा राहिला की डोकं ज्या खुणेला लागेल तितक्या गोळ्या. लिहिता वाचता फारसं न येणारा माणूस पण चुकणार नाही. तिन्ही क्षेत्रांचं सहकार्य वगैरे जे मोठे शब्द आहेत ते शेवटी त्या काठीपाशी येऊन टेकतात, तिथे कुणीतरी विचार केलेला असला तर काम होतं. कोलंबियातून हा आजार गेल्याचं 2013 मध्ये प्रमाणित झालं, मग इक्वेडोर, मेक्सिको, ग्वाटेमाला, आणि आफ्रिकेतला पहिला देश नायजर, तो 2025 मध्ये. घोषणा 1987 ची. मधली वर्षं मोजून बघा.

आता दुसरी बाजू, कारण नाहीतर म्हणाल हा माणूस नुसती गोड गोष्ट सांगतोय. प्लेपंप. आठवतोय का? मुलांचं गोल फिरणारं चक्र, त्याला जोडलेला पंप, मुलं खेळली की जमिनीतलं पाणी वर टाकीत, आणि टाकीच्या चारही बाजूंना बोर्ड, त्यावर आरोग्याचे संदेश आणि जाहिराती, जाहिरातीच्या पैशातून देखभाल. ऐकूनच माणूस खूश होतो, मी पण झालो होतो. 2006 साली क्लिंटन ग्लोबल इनिशिएटिव्हच्या व्यासपीठावर अमेरिकन सरकार आणि केस फाउंडेशन वगैरेंनी मिळून 1 कोटी 64 लाख डॉलर जाहीर केले, आफ्रिकेतल्या दहा देशांत 2010 पर्यंत 4000 पंप बसवायचं ठरलं. सरकार आलं, धंदा आला, देणगीदार संस्था आली, आणि फोटो तर विचारूच नका, हसणारी मुलं आणि पाणी एकाच फ्रेममध्ये.

मग काय झालं. मुलं शाळेत असतात तेव्हा, किंवा खेळून दमली की, चक्र फिरवणार कोण? बायका. कमरेत वाकून ते लोखंडी चक्र हातानी ढकलणाऱ्या मोठ्या बायका, काही म्हाताऱ्या. साध्या हातपंपापेक्षा महाग, बिघडला तर गावात दुरुस्त होत नाही, आणि आडगावातल्या टाकीवर जाहिरात द्यायला कोण येणार, तर आलेच नाहीत, म्हणजे देखभालीचे पैसे पण नाहीत. काही ठिकाणी तर चालू हातपंप काढून त्या जागी हा बसवलेला. पंप बसवायच्या आधी त्या बायकांना बसवून कुणी विचारलं असतं की बाई तुम्ही पाणी कधी भरता आणि सोबत कोण असतं, तर एका दुपारीत कळलं असतं सगळं. पण ते विचारणं कुणाचं काम होतं? सरकारला वाटलं संस्था विचारेल, देणाऱ्यांना वाटलं सरकारला माहितीच असेल, आणि बनवणाऱ्याला पंप बसवायचे होते. (एक गोष्ट मानली पाहिजे, केस फाउंडेशनच्या जीन केस यांनी 2010 मध्ये उघडपणे लिहून कबूल केलं की आमचं हे जमलं नाही. आमच्याकडच्या बैठकांत "अपेक्षित यश" आणि "आंशिक यश" ह्यांच्या खाली तिसरा रकानाच नसतो.)

आणखी एक प्रकार गेली काही वर्षं चर्चेत आहे, सोशल इम्पॅक्ट बॉन्ड. नाव भारी आहे पण कल्पना सरळ, खाजगी गुंतवणूकदार आधी पैसे घालणार, संस्था काम करणार, आणि ठरलेला परिणाम दिसला तरच सरकार पैसे परत देणार, नफ्यासकट. पहिला झाला 2010 ला इंग्लंडमधल्या पीटरबरो तुरुंगात. बारा महिन्यांच्या आतल्या शिक्षेचे कैदी सुटले की त्यांच्यावर कुणाची देखरेख पण नाही आणि मदत पण नाही, बाहेर पडायचं आणि काही दिवसांनी परत आत. तर संस्थांची माणसं तुरुंगाच्या दारातच त्यांना घ्यायला उभी राहायची, राहायला जागा बघ, व्यसनाच्या उपचाराला पाठव, कागदपत्रं कर. गुन्ह्यांची संख्या साडेसात टक्क्यांनी कमी व्हायला पाहिजे अशी अट होती, झाली 9 टक्क्यांनी, 2017 मध्ये गुंतवणूकदारांना पैसे परत मिळाले. पण तेवढ्यात सरकारचं धोरण बदललं आणि कैद्यांचा तिसरा गट ह्या पद्धतीनी घ्यायचं रद्दच झालं. हे मला नवीन नाही. साहेबांची बदली झाली की नवीन साहेब विचारतात हा प्रोजेक्ट कशाचा, आणि तुम्ही पहिल्यापासून सांगायला लागता, तिसऱ्यांदा.

दुसरं उदाहरण न्यूयॉर्कच्या रायकर्स आयलंड तुरुंगातल्या पोरांचं. गोल्डमन सॅक्स ही बँक 96 लाख डॉलर कर्ज देणार, त्यातल्या 72 लाखांची हमी ब्लूमबर्ग फिलान्थ्रॉपीज ह्या देणगीदार संस्थेची. 2015 मध्ये तटस्थ मूल्यमापन आलं, पोरं परत तुरुंगात येण्याचं प्रमाण काही कमी झालेलं नाही. बंद केला कार्यक्रम. शहराच्या तिजोरीतून ह्या कार्यक्रमापायी गुंतवणूकदारांना काही द्यावं लागलं नाही. लोक ह्याला अपयश म्हणतात आणि ते आहेच, पण मला त्यात एक गोष्ट हेवा वाटावी अशी दिसते. मोजायचं काय, मोजणार कोण, आणि नाही जमलं तर पैसे कुणाचे बुडणार हे सही करतानाच लिहून ठेवलं होतं. आमच्या करारांत हे कधी नसायचं. "परस्पर सामंजस्याने" असा एक शब्द असायचा, त्याचा अर्थ जो खोलीत सगळ्यात मोठ्या आवाजात बोलेल त्याच्या म्हणण्याप्रमाणे.

तरी ह्या बॉन्डचं मला फार कौतुक नाही. सगळ्या गोष्टी मोजून पैशात बसवता येत नाहीत, आणि वकील, ऑडिटर, मूल्यमापक ह्यांच्यावरच इतका खर्च होतो की लहान संस्थेनी त्या वाटेला जाऊच नये. पण आधी ठरवा, मग सही करा, एवढं तरी त्यातून उचलायला काय हरकत आहे.

हे जोडणाऱ्या माणसाचं मी म्हणतोय ते काही माझं संशोधन नाही. जॉन कानिया आणि मार्क क्रेमर यांनी 2011 मध्ये स्टॅनफर्डच्या नियतकालिकात लेख लिहिला, कलेक्टिव्ह इम्पॅक्ट, अमेरिकेत सिनसिनाटी शहरात शिक्षणासाठी जमलेल्या संस्थांवरून. त्यांनी पाच गोष्टी सांगितल्या आणि त्यातली एक म्हणजे बॅकबोन, पाठीचा कणा, म्हणजे हेच काम करायला स्वतंत्र माणसं असलेली स्वतंत्र व्यवस्था, त्यांच्याकडे दुसरं काम नाही. बाकी चार गोष्टी आमच्या प्रत्येक प्रेझेंटेशनमध्ये असायच्या, समान उद्दिष्ट, समान मोजमाप वगैरे, कण्याची स्लाइड मात्र झरकन पुढे जायची कारण तिच्यावर आकडा लिहावा लागतो. पुढे त्याच मंडळींनी हेही लिहिलं की सुरुवातीला आमचं समानतेकडे आणि ज्यांचा प्रश्न आहे त्यांच्याकडे लक्ष कमी पडलं. म्हणजे परत त्या पंप ढकलणाऱ्या बायका.

ह्यावर कुणी म्हणेल की अजून एक ऑफिस, अजून एक खुर्ची, अजून एक मीटिंग, आधीच काय कमी आहेत. बरोबर आहे, मी स्वतः अशी समन्वय समिती बघितलीय जिचं वर्षभराचं मुख्य काम पुढच्या बैठकीची तारीख ठरवणे हे होतं. म्हणून मी समिती म्हणत नाहीये, माणूस म्हणतोय. एक किंवा दोन. पगारी. ज्याचा पगार तिघं मिळून देतात त्यामुळे तो एकट्याचा होत नाही, आणि ज्याला तिघांच्याही ऑफिसात विचारता येतं की हे झालं का. प्रोजेक्ट संपेपर्यंत बदलायचा नाही. माझ्या मते तर जो कंपनीवाला शंभर टॅब्लेट द्यायला तयार होतो त्यानी दहा कमी देऊन हा पगार द्यावा, पण टॅब्लेटवर लोगो लावता येतो, माणसावर कुठे लावणार.

आता तुम्हाला विनंती. तुम्ही सह्यांचे फोटो छापता ते छापाच, लोकांना बरं वाटतं. पण ते छापताना तुमच्या वार्ताहरानी एवढं विचारावं की ह्या तिघांच्या याद्या जुळवणार कोण, त्याचा पगार कोण देणार आणि किती वर्षं. उत्तर मिळालं नाही तर तसं छापा, "उत्तर मिळाले नाही" ही चांगली बातमी असते. आणि वर्षानी परत जा. स्टेजवर होते त्यांना फोन करू नका, ते दुसऱ्या स्टेजवर असतील. रजिस्टर कुणाकडे आहे ते शोधा. त्यात पेन्सिलीच्या खुणा असतील तर त्या खुणा करणाऱ्याला अजून ठेवलंय की काढलं ते विचारा.

आमची ती पोरगी आता कुठेशी बँकेत आहे असं ऐकलं. परवा तिचा मेसेज आला होता, सर ते तीन कागद अजून माझ्याकडेच आहेत, टाकून देऊ का. मी अजून उत्तर दिलेलं नाही.

आपला,
एक नियमित वाचक
(नाव कृपया छापू नये, अजून नोकरीत आहे)